कार्डावर नव्हतं ते

मिस लव्होनिया पेटवेने एकदा सांगितलं की विषय संपला. सतराव्या वॉर्डात तिच्या शब्दाला महापौराच्या शब्दाहून जास्त वजन होतं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. महापौराने या वॉर्डातल्या कुणाला कधी जेवायला घातलं नव्हतं. मिस लव्होनियाने सत्तावीस वर्षं घातलं.

ब्रूक्स प्राथमिक शाळेच्या जेवणघरात ती काउंटरमागे उभी असायची. केसांवर जाळी, हातात मोठा डाव, चष्मा नाकाच्या टोकावर. कुठल्या पोराला आदल्या रात्री घरी काही मिळालेलं नाही हे तिला ताट पुढे येण्याआधी कळायचं. त्या ताटात मॅकरोनीचा दुसरा डाव पडायचा, आणि तो का पडला हे ती कुणाला सांगायची नाही, त्या पोरालाही नाही. "पुढे सरक, रांग अडवू नकोस," एवढंच. पहिलीतल्या पोरांना ती आजी वाटायची आणि सहावीतल्यांना पोलीस, आणि लग्न झालेलं असूनही सगळे तिला मानाने 'मिस'च म्हणत. तिचे वडील अलाबामातून पोलादाच्या कारखान्यात कामाला आले, कारखाना गेला, नवरा गेला, मुलगा टेक्सासला गेला. शाळा तेवढी होती तिथेच होती.

निवडणुकीच्या दिवशी शाळेला सुट्टी असे, कारण मतदान शाळेच्याच व्यायामशाळेत. त्या दिवशी मिस लव्होनिया चर्चला घालायचा जांभळा कोट आणि हॅट चढवून दाराबाहेर उभी राही आणि वॉर्ड क्लबची, म्हणजे पक्षाच्या स्थानिक मंडळाची, कार्डं वाटे. पंजाएवढं कार्ड. कुणाला मत द्यायचं त्यांची नावं त्यावर असत, मतपत्रिकेवर येतात त्याच क्रमाने. या मुलुखात एका बैठकीत न्यायाधीशापासून ऑडिटरपर्यंत आणि कोर्टाच्या कारकुनापर्यंत सगळे निवडायचे असतात, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं त्यांच्या आईबापांखेरीज कुणी ऐकलेली नसतात. मग माणसाने करायचं काय? कार्ड डाव्या हातात, पेन उजव्या हातात. कार्डावर आहे तो गोल काळा करत खाली जायचं आणि घरी येऊन जेवायचं.

बाहेरच्या लोकांना याचं हसू येई. त्यांना काय जातंय? सतराव्या वॉर्डाने वाचून मत द्यायची चैन एकदा करून बघितली होती. अठरा वर्षांपूर्वी मतपत्रिकेवर एक प्रश्न आला होता, भाषा अशी की वकिलालाही घाम फुटावा. लोकांनी चष्मे पुसून तो वाचला, कोपऱ्यावरचा दवाखाना राहावा म्हणून 'हो'वर खूण केली, आणि त्या 'हो'नेच दवाखाना बंद झाला. तेव्हापासून वॉर्ड क्लबचा अध्यक्ष क्लिओफस ट्रॅमेल याने नियम घातला की कार्डावर आहे ते करा, नाही त्याला हात लावू नका. नियम ट्रॅमेलचा, पण लोकांच्या हाडीमाशी तो खिळवला मिस लव्होनियाने. दर निवडणुकीला, दर माणसाला, हातात कार्ड ठेवताना ती म्हणायची, "कार्डावर नाही ते तुमचं नाही." लोक मान डोलवत आत जायचे.

त्या वर्षी शाळांचा कर मताला आला. शहरातल्या सगळ्या शाळा मिळून एक जिल्हा, आणि त्या जिल्ह्याची तिजोरी रिकामी. घरांवरचा कर थोडा वाढवायला लोकांनी 'हो' म्हटलं तर ठीक, नाहीतर अकरा शाळा बंद. कुठल्या, ते अजून ठरायचंय असं जिल्ह्याचे लोक तोंडाने म्हणत होते. पण यादी फुटली होती आणि ब्रूक्स शाळेचं नाव तिच्यात चौथं होतं.

मिस लव्होनिया त्रेसष्ट वर्षांची. तिला नोकरीची चिंता नव्हती, दोन वर्षांनी ती तशीही घरी बसणार होती. तिची चिंता खालच्या मजल्यावर राहायची. तिच्या घरात खाली क्विआना मोझली भाड्याने राहत होती. ही क्विआना लहानपणी याच शाळेत, याच काउंटरवर दुसऱ्या डावाची मॅकरोनी खाऊन वाढलेली. आता ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत पहाटे पाचला कामावर जायची, आणि तिची सात वर्षांची इमानी रोज सकाळी मिस लव्होनियाचं बोट धरून चार गल्ल्या चालत शाळेत जायची. ब्रूक्स बंद झाली तर पुढची शाळा हमरस्त्यापलीकडे होती. दोन बस बदलून सात वर्षांच्या पोरीने एकटीने जायचं, तेही इथल्या जानेवारीत.

म्हणून मिस लव्होनिया आणि क्विआना चाळीस दिवस दारं ठोठावत फिरल्या. काम सुटलं की निघायचं, अंधार पडेपर्यंत एकेक गल्ली. एक दार असं नव्हतं जिथून त्या तोंड पाडून परतल्या.

"मिस लव्होनिया, तुम्ही सांगायला हवं होय? माझी तिन्ही पोरं तुमच्या हातचं खाऊन मोठी झाली."

"पोरांचं राहू दे. तू मत देणार का ते बोल."

"देणार म्हणजे काय. हे बघा, लिहून घ्या."

सप्टेंबरमध्येच तिने ट्रॅमेलला गाठून विचारलं होतं. ट्रॅमेल आपल्या विम्याच्या ऑफिसात पाय टेबलावर टाकून बसला होता. "शाळेचं कार्डावर येणार ना?" ती म्हणाली. "अहो, ती काय सांगायची गोष्ट आहे, मिस लव्होनिया?" तो म्हणाला, आणि हसला. त्याने 'येणार' असं म्हटलेलं नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

मतदानाच्या सकाळी ट्रॅमेलच्या गाडीच्या डिकीतून कार्डांची खोकी उतरली तेव्हा सव्वासहा वाजले होते. साडेसहाला दार उघडायचं. वॉर्डातलं पहिलं मत आपलं असावं हा मिस लव्होनियाचा दरवर्षीचा अभिमान होता. तिने वरचं एक कार्ड उचललं, आत गेली, नाव सांगितलं, सही केली, गोल काळे केले, कागद मशीनच्या तोंडात सरकवला. मशीनवरच्या शून्याचा एक झाला. पाच मिनिटांत ती बाहेर आली, छातीवर 'मी मत दिलं'चं स्टिकर, आणि दोन छोट्या झेंड्यांच्या बाहेर जाऊन उभी राहिली. दारापासून शंभर फुटांवर ते झेंडे रोवलेले असतात आणि प्रचार करणाऱ्याने त्यांच्या आत पाऊल टाकायचं नाही.

दिवस झकास चालला होता. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. चर्चच्या बायकांनी रताळ्याचे गोड केक आणि कॉफी मांडली होती. शेजारचे म्हातारे ऑडी ब्लेलॉक सकाळी आठलाच मत देऊन घडीच्या खुर्चीवर येऊन बसले होते, ते उठायचं नाव घेत नव्हते. "कार्डावर नाही ते तुमचं नाही," मिस लव्होनिया म्हणत होती आणि कार्डं देत होती. दुपारी दोनपर्यंत दोन खोकी संपली.

तीनला क्विआना कामावरून आली, मत देऊन बाहेर पडली आणि जराशी घुटमळत मिस लव्होनियापाशी आली.

"मिस लव्होनिया, शाळेचं कुठे होतं हो ते?"

"कुठे म्हणजे?"

"मला दिसलंच नाही. कार्डावरचं सगळं केलं, मग वरून खाली दोनदा बघितलं. म्हटलं तुम्हाला विचारू."

ब्लेलॉक खुर्चीतून म्हणाले, "मागे होतं की. माझा कागद हातातून पडला, उचलताना दिसलं. मागच्या बाजूला एकटंच होतं बिचारं. म्हटलं, कार्डावर नाही तर आपलं नाही. बरोबर केलं ना?"

मिस लव्होनियाने सबंध दिवसात पहिल्यांदा हातातलं कार्ड नीट बघितलं. पुढे नावं होती. मागे क्लिओफस ट्रॅमेलचा हसरा फोटो होता आणि थँक्सगिव्हिंगच्या आगाऊ शुभेच्छा. शाळेबद्दल अक्षर नव्हतं.

मग तिला आपली सकाळ आठवली. कार्ड डाव्या हातात, पेन उजव्या हातात. शेवटचा गोल काळा केला आणि, शाळाही त्यातच आली असणार या खात्रीत, तशीच मशीनकडे गेली. कागद तिने उलटा केलाच नव्हता. चाळीस दिवस पाय झिजवले, आणि वॉर्डातलं पहिलं मत, तिचं स्वतःचं, शाळेसाठी कोरं पडलं होतं. आत जाऊन 'माझा कागद परत द्या' म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मशीनने गिळलेला कागद परत मिळत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तसं विचारलं तर चारचौघांत कळलं असतं.

माणूस अशा वेळी काय करतो? समोर जो हाती लागेल त्याच्यावर उखडतो. समोर क्विआना होती.

"अगं, कागदाला दोन बाजू असतात हे तुला कुणी शिकवायला लागतं का? याच शाळेत शिकलीस ना तू? चाळीस दिवस माझ्याबरोबर दारं बडवलीस आणि स्वतःच्या पोरीसाठी तुला एक पान उलटवता आलं नाही?"

"पण तुम्हीच म्हणाला होता..."

"मी काय म्हणाले ते मला सांगू नकोस."

क्विआनाचा चेहरा उतरला. रांगेतली माणसं बघत होती. ती निघून गेली, आणि मिस लव्होनियाने तिला जाऊ दिलं.

मग तिने खोकी तिथेच टाकली आणि रांगेच्या कडेने ओरडत सुटली. "पान उलटा. मागे शाळा आहे. पान उलटायला विसरू नका." ओरडता ओरडता ती झेंड्यांच्या आत गेली, आणि निवडणुकीचा एक कोवळा अधिकारी धावत आला. "मॅडम, झेंड्यांच्या मागे. नाहीतर मला पोलीस बोलवावे लागतील." ती मागे आली आणि मागून ओरडू लागली.

लोकांनी ऐकलं का? काहींनी ऐकलं. पण बरेच जण कार्ड उलटंसुलटं करून बघायचे आणि तिच्याकडे संशयाने पाहायचे. अठरा वर्षं जिने एक गोष्ट सांगितली, ती आज दुसरीच सांगतेय म्हणजे काहीतरी गडबड आहे. ब्यूटी पार्लरवाली अर्नेटा तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मिस लव्होनिया, तुम्हाला कुणी गाठलं का? कुणी पैसेबिसे दिलेत का? असेल तर सांगा, घाबरू नका." शाळेचं आहे ते, माझ्या शाळेचं, असं ती घसा कोरडा पडेस्तोवर सांगत राहिली. अर्नेटाने तिच्या हातावर थोपटलं, आत गेली, आणि कार्डावरचं तेवढं करून आली. मिस लव्होनियाने तिला इतकं चोख शिकवलं होतं.

ट्रॅमेलला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "जागा नव्हती हो कार्डावर. आणि तुम्ही घरोघर फिरत होताच, म्हटलं लोकांना माहीत आहे." कार्डांच्या छपाईचा खर्च दरवर्षी कोण उचलतं आणि त्या गृहस्थांची वॉर्डात भाड्याची किती घरं आहेत, हे तिला माहीत होतं. त्या घरांवरचा कर कुणाच्या खिशातून जाणार होता, तेही. फोन ठेवताना ट्रॅमेलने वर शाबासकी दिली. "मतदान मात्र छान काढलंत. असा शिस्तीचा वॉर्ड अख्ख्या शहरात नाही."

शाळांचा कर सहाशे चार मतांनी पडला. सतराव्या वॉर्डात सतराशे बारा लोकांनी मतं दिली आणि त्यातल्या नऊशे तीन जणांनी शाळेपुढे काहीच केलं नव्हतं. पेपरात शहराचा नकाशा आला. 'हो'वाले हिरवे, 'नाही'वाले लाल, आणि जिथे लोकांनी जागा कोरी सोडली ते भाग राखाडी. सतरावा वॉर्ड मेलेल्या मासोळीसारखा राखाडी होता. खाली एका प्राध्यापकाने लिहिलं होतं की सतराव्या वॉर्डासारख्या पूर्वेकडच्या वस्त्यांना शिक्षणाबद्दल आस्था उरलेली नाही. रेडिओवर उपनगरातला एक जण म्हणाला, ज्यांना आपल्याच पोरांचं पडलेलं नाही त्यांच्यासाठी आपण का झिजावं. कुणी येऊन विचारलं नाही की बाबांनो, झालं काय.

मिस लव्होनियाने तो नकाशा कापून फ्रिजवर लावला आणि त्याच्याकडे बघून बघून ती वॉर्डावर तापत गेली. चर्चमध्ये, पार्लरमध्ये, शाळेच्या स्वयंपाकघरात, जिथे तोंड उघडेल तिथे तेच. "सत्तावीस वर्षं वाढलं यांना. एक पान उलटवता आलं नाही." लोक ऐकून घेत. तिला बोलायचा हक्क आहे असं त्यांना वाटे, कारण मिस लव्होनियाने तरी आपलं पान उलटवलं असणार याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. तिनेही कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. जितकी ती बोलत गेली तितकं ते दुरुस्त करणं अवघड होत गेलं.

सगळ्यात जास्त सोसलं क्विआनाने. जिन्यात भेटली की ती खाली बघायची, भिंतीला लागून बाजूला व्हायची. डिसेंबरात एकदा कॉर्नब्रेडची, मक्याच्या पावाची, थाळी घेऊन ती वर आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मिस लव्होनिया, मला माफ करा. माझ्या हातून चूक झाली."

मिस लव्होनियाने थाळी घेतली. तेव्हा सांगता आलं असतं, दोनच वाक्यं होती. ती म्हणाली, "माफी माझी कसली मागतेस? मागायची तर त्या पोरीची माग."

फेब्रुवारीत शाळा बंद करण्यावर सुनावणी झाली. जिल्ह्याच्या मंडळाचे सात सभासद व्यासपीठावर, खाली लोक, मध्ये माइक. बोलायचं त्याने नाव लिहून द्यायचं, प्रत्येकाला दोन मिनिटं. सुरुवातीला जिल्ह्याच्या एका बाईंनी पडद्यावर तोच नकाशा दाखवला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "शाळा निवडताना आम्ही समाजाचा पाठिंबाही विचारात घेतला. काही भागांत तो, दुर्दैवाने, दिसला नाही." राखाडी भागावर लाल ठिपका फिरवत होत्या त्या.

क्विआनाचा नंबर आधी आला. लाँड्रीचा गणवेश तसाच अंगावर होता. माइक तिच्यासाठी उंच होता, तो खाली करायचं तिला सुचलं नाही, ती टाचा उचलून बोलली.

"माझं नाव क्विआना मोझली. माझी मुलगी ब्रूक्समध्ये दुसरीत आहे. मी शाळेला मत दिलं नाही. द्यायचं होतं, पण मी पान उलटवलं नाही. ती चूक माझी आहे, माझ्या मुलीची नाही. चुकीची शिक्षा द्यायची तर मला द्या, तिची शाळा राहू द्या." अजून दीड मिनिट शिल्लक होतं, पण तिचं बोलणं संपलं होतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ती खाली बघत जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर तिसरं नाव मिस लव्होनियाचं होतं. पर्समध्ये भाषणाचा कागद होता, चार दिवस बसून लिहिलेला, सत्तावीस वर्षांबद्दलचा. तो तिने काढलाच नाही.

"माझं नाव लव्होनिया पेटवे. सतराव्या वॉर्डात त्या दिवशी सगळ्यात पहिलं मत माझं होतं. ते कोरं होतं. ही पोरगी आत्ता सांगून गेली ना, तेच मी केलं. तिच्या साडेआठ तास आधी केलं. आणि तिने ते केलं कारण अठरा वर्षं मी तिला तसं शिकवलं. तुमच्या नकाशात तो जो राखाडी रंग आहे ना, तो पोरांबद्दल आस्था नसल्याचा नाही. तो माझा आहे. त्या नऊशे माणसांना शाळा नको होती असं कृपा करून म्हणू नका."

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वर बघितलं नव्हतं. "पुढचं नाव."

सहा विरुद्ध एक मतांनी ब्रूक्स शाळा बंद करायचं ठरलं. सगळं उरकायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यात पाच मिनिटं पार्किंगबद्दलच्या सूचनांची होती.

बाहेर बसथांब्यावर बर्फ पडत होता. क्विआना आधीच येऊन उभी होती. मिस लव्होनिया तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"त्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला?" क्विआनाने विचारलं. "मी तुम्हाला विचारलं तेव्हा?"

"हो."

"आणि मी कॉर्नब्रेड घेऊन आले तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"मी मागितली माफी," क्विआना म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून. त्याच संध्याकाळी इमानीला समोर बसवलं आणि सांगितलं, तुझी शाळा तुझ्या आईमुळे बंद पडणार. सात वर्षांची आहे ती. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, बरं. तेव्हापासून ती मला शाळेतलं काही सांगत नाही."

मग लांबून येणाऱ्या बसकडे बघत क्विआना म्हणाली, "मी कामाची वेळ बदलून घेते. उद्यापासून इमानीला शाळेत मीच सोडत जाईन."